उद्योजिकांच्या मेळाव्यात नावे लक्षात ठेवणे आणि ओळख टिकवणे: क्रमवार मार्गदर्शन

उद्योजिकांच्या मेळाव्याहून परतल्यावर पर्समधून पंधरा-वीस व्हिजिटिंग कार्डे निघतात आणि त्यांतल्या चार जणींचे चेहरेही डोळ्यांसमोर येत नाहीत. दोन महिन्यांनी त्यांतलीच एखादी समोर येऊन नावानिशी हाक मारते, तेव्हा आपण ‘अहो, कशा आहात?’ एवढ्यावर वेळ मारून नेतो. अशा मेळाव्यांच्या नोंदणीच्या टेबलावर मी अनेकदा बसलेली आहे, आणि ‘माझ्या नावंच लक्षात राहत नाहीत’ हे वाक्य तिथे जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कोणतेही ऐकलेले नाही. स्मरणशक्तीवर फोडले जाणारे हे खापर बहुतेक वेळा चुकीच्या डोक्यावर फुटते. नाव विसरलेले नसते. ते सांगितले जात असताना आपले लक्ष स्वतःच्या पुढच्या वाक्याकडे असते, त्यामुळे ते मुळात आत आलेलेच नसते.

दुसरी अडचण खुद्द नावाच्या स्वरूपात आहे. एखादी बाई सोनारकाम करते असे कळले, तर भट्टी, तराजू, दागिने अशा दहा गोष्टी मनात आपोआप उभ्या राहतात. तिचे आडनाव सोनार आहे असे कळले, तर त्यातून काहीच उभे राहत नाही. एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर अधिक सहज आठवतो आणि आडनाव म्हणून सांगितला तर निसटतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिले होते. म्हणून नावाला अर्थाचा आधार मुद्दाम द्यावा लागतो. तो केव्हा आणि कोणत्या क्रमाने द्यायचा, तसेच ओळखीचे संबंधात रूपांतर करताना पायऱ्या कुठे चुकतात, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

टप्पा १: जाण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट म्हणजे आकडा ठरवणे. तीन तासांच्या मेळाव्यात पाच जणींशी नीट ओळख होणे हे चांगले फलित आहे, आठ म्हणजे फार झाले. ‘सगळ्यांना भेटायचे’ असे ठरवून जाणाऱ्या बाईची कार्डे सर्वांत आधी संपतात आणि तिची आठवण सर्वांत कमी जणींना राहते, असे माझे निरीक्षण आहे.

आयोजकांनी सहभागींची यादी आधी पाठवली असेल तर ती आदल्या दिवशी शांतपणे वाचावी आणि ज्यांच्याशी बोलण्याला काही निश्चित कारण आहे अशा तीन जणींवर खूण करावी. त्यांची नावे मोठ्याने उच्चारावीत, त्यांचा व्यवसाय पाहावा आणि प्रत्येकीसाठी एक खरा प्रश्न तयार ठेवावा. आधी वाचलेले नाव प्रत्यक्ष भेटीत कानावर पडते तेव्हा ते दुसऱ्यांदा येत असते, आणि या एवढ्या फरकानेही पुढचे बरेच काम सोपे होते. यादीतले छायाचित्र मात्र फार विश्वासाने पाहू नये. ते बहुधा काही वर्षे जुने असते.

त्यानंतर स्वतःची ओळख तयार करावी. ती वीस सेकंदांत बसणारी असावी आणि तिच्यात तीन गोष्टी असाव्यात: संपूर्ण नाव, काम, आणि सध्या ज्याच्या शोधात आहात ती एक गोष्ट. इथे एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. ‘घरातूनच थोडंफार करते’, ‘छोटंसं काहीतरी आहे माझं’ अशा शब्दांत ओळख करून देणाऱ्या कितीतरी जणी प्रत्यक्षात पाच-सात माणसांना रोजगार देत असतात. हा विनय समोरच्या बाईला धरून ठेवण्यासारखे काहीही देत नाही. त्यापेक्षा ‘मी लहान कारखान्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवते आणि सध्या छपाईचं काम विश्वासाने करून देणारी व्यक्ती शोधते आहे’ हे वाक्य ऐकणारीला नावाबरोबर एक चित्रही देते आणि मदत करण्याची एक जागाही.

हे वाक्य घरी मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणावे. ते ओठांवर असेल तरच मेळाव्यात कान मोकळे राहतात. या लेखातले पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

तपासून पाहा: लहान वही, चालणारे पेन, पुरेशी कार्डे, आणि दिलेली व मिळालेली कार्डे वेगवेगळी राहतील असे दोन कप्पे. घाईत दुसरीचेच कार्ड आपले म्हणून हातात देण्याचा प्रकार वाटतो त्याहून अधिक वेळा घडतो.

टप्पा २: दारापाशी

बॅजवर नाव मोठ्या अक्षरांत आणि व्यवसाय त्याखाली लहान अक्षरांत लिहावा. बॅज गळ्यातल्या फितीचा असेल तर मागच्या कोऱ्या बाजूवरही नाव लिहावे, कारण तो दर दहा मिनिटांनी उलटतो आणि मग समोरची बाई बोलता बोलता तुमच्या पोटाकडे बघत राहते. फीत लांब असेल तर मागे एक गाठ मारून बॅज छातीच्या वरच्या भागापर्यंत आणावा. टाचणीचा असेल तर पदर, ओढणी किंवा मोकळे केस ज्या बाजूला येत नाहीत त्या बाजूला लावावा.

शक्यतो पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. गर्दी आणि गोंगाट वाढला की नावाची पहिली अक्षरे ऐकू येत नाहीत, आणि सविता, सुनीता, संगीता यांतली नेमकी कोण, हा घोळ तिथूनच सुरू होतो.

टप्पा ३: नाव कानावर पडते ती पहिली तीस सेकंदे

येथील क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जणी स्वतःचे नाव सांगतात, कार्ड पुढे करतात, मग समोरचीचे नाव विचारतात आणि ते येत असतानाच हातातले कार्ड वाचू लागतात. वाचताना ऐकणे बंद होते. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

आधी तिचे नाव विचारावे आणि ते येईपर्यंत दुसरे काहीही करू नये. नाव ऐकू आले की ते लगेच उच्चारून खात्री करून घ्यावी: ‘सरिता, बरोबर ना?’ ऐकू आले नसेल तर त्याच क्षणी पुन्हा विचारावे. पहिल्या तीस सेकंदांत ‘माफ करा, नाव नीट ऐकू आलं नाही’ असे म्हणण्यात काहीच संकोच नसतो. तेच पंधरा मिनिटांच्या गप्पांनंतर म्हणणे जड जाते. खात्री झाल्यावर स्वतःचे नाव सावकाश सांगावे, आणि कार्डांची देवाणघेवाण निरोपाच्या वेळेपर्यंत राखून ठेवावी.

अपरिचित भाषेतले नाव असेल तर ‘जरा तोडून सांगाल का?’ असे विचारून अक्षरगणिक ऐकावे आणि एकदा म्हणून दाखवावे. उच्चार चुकला तर ती सुधारून देईल, आणि त्या सुधारण्यातच नाव दुसऱ्यांदा कानावर येईल. ‘तुमचं नाव फारच अवघड आहे हो’ हे वाक्य मात्र टाळावे. ते ऐकून ऐकून ती थकलेली असते. परवानगीशिवाय नाव आखूड करणे त्याहून वाईट.

आडनावाविषयी थोडी सावधगिरी बाळगावी. कागदोपत्री एक, व्यवसायात दुसरे आणि ओळखीच्या वर्तुळात तिसरेच अशी स्थिती अनेकींच्या बाबतीत असते. कोणी लग्नानंतर आडनाव बदललेले असते, कोणी बदललेले नसते, कोणी दोन्ही लावते. ‘हे माहेरचं की सासरचं?’ हा प्रश्न व्यवसायाच्या ओळखीत अनावश्यक आहे. ‘कामाच्या ठिकाणी तुम्ही कोणतं नाव वापरता?’ एवढे विचारले की पुरते.

सावधान: ‘ताई’ आणि ‘मॅडम’ ही संबोधने आदराची असली तरी नाव न शिकण्याची ती सर्वांत सोयीची पळवाटही आहेत. म्हणायचेच असेल तर ‘सरिताताई’ म्हणावे. नावाशिवाय नुसते ‘ताई’ म्हटले की त्या संभाषणात नाव एकदाही तोंडी येत नाही.

टप्पा ४: गोलात बसून एकेकीने ओळख करून देण्याची फेरी

येथे सर्वाधिक नावे हरवतात, आणि त्याचे कारण ठरलेले आहे. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ मध्ये दाखवले की ओळीने बोलण्याच्या प्रसंगात आपल्या पाळीच्या अगदी आधी बोलणाऱ्याचे बोलणे आपल्याला सर्वांत कमी आठवते. तुमच्या आधीच्या दोघी बोलत असतात तेव्हा तुम्ही मनात स्वतःचे वाक्य जुळवत असता. पहिल्या टप्प्यात ओळख पाठ करायला सांगितली ती याचसाठी.

वहीच्या पानावर बसण्याचा नकाशा काढावा. मोठे वर्तुळ, त्यावर स्वतःच्या जागी फुली, आणि प्रत्येक खुर्चीसाठी एक लहान रेघ. नाव ऐकले की त्या रेघेवर नाव आणि कामाचा एकच शब्द लिहावा: ‘माधवी – अनुवाद’, ‘रेश्मा – हिशेब’. नाव देवनागरीत, जसे ऐकू आले तसेच लिहावे, म्हणजे उच्चार त्यातच जपला जातो. लिहिताना मान सतत खाली घालू नये. आधी चेहऱ्याकडे पाहून नाव ऐकावे, ती कामाविषयी बोलू लागली की एका नजरेत टिपून घ्यावे.

माणसाला एका वेळी मनात साधारण चारच सुट्या गोष्टी धरून ठेवता येतात, असा निष्कर्ष नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडला होता. म्हणून दर चौथ्या नावानंतर, पुढची बाई उठून उभी राहीपर्यंतच्या काही सेकंदांत, मागच्या चारही चेहऱ्यांवरून वहीत न पाहता नजर फिरवावी आणि मनात नावे घ्यावीत. एखादे अडले तर वहीत पाहावे. वीस जणींच्या फेरीत अशा पाच छोट्या उजळण्या होतात आणि बाहेरून कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्वतःच्या आधी बोललेल्या दोघींची नावे, वर सांगितलेल्या कारणाने, हमखास कच्ची राहतात. फेरी संपल्याबरोबर त्यांनाच पहिल्यांदा विचारावीत.

तपासून पाहा: उशिरा आलेल्या बाईमुळे खुर्च्या सरकल्या का? एकदा मी नकाशावर विसंबून तासभर दोघींना एकमेकींच्या नावाने हाक मारत होते. दोघींनीही सौजन्याने काही म्हटले नाही, आणि चूक कळली ती थेट निरोपाच्या वेळी. तेव्हापासून खुर्ची सरकली की मी रेघेवर बाण काढते.

टप्पा ५: नावाला खूण बांधणे आणि ते परत आठवणे

खूण बांधताना एक नियम पाळावा: खूण कामाशी बांधावी, पेहरावाशी कधीही नाही. हिरवी साडी, मोठी टिकली किंवा लांब कानातले यांवर लक्षात ठेवलेले नाव पुढच्या भेटीत निरुपयोगी ठरते, कारण त्या दिवशी साडी निळी असते. शरीरयष्टीवर किंवा वर्णावर खूण बांधणे तर अयोग्यच आहे. मनातली खूण कधीतरी तोंडातून निसटते.

मराठी आणि इतर भारतीय नावांना बहुधा अर्थ असतो, त्याचा फायदा घ्यावा. सरिता मालवाहतुकीचा व्यवसाय करत असेल तर नदीच्या प्रवाहावरून एकापाठोपाठ एक खोकी वाहत चालली आहेत असे चित्र मनात आणावे. ज्योती विम्याचे काम करत असेल तर वाऱ्यात दोन्ही हातांच्या आडोशाने जपलेली ज्योत पुरेशी आहे. अर्थ ठाऊक नसेल तर ‘तुमच्या नावाचा अर्थ काय?’ असे विचारावे; हा प्रश्न बहुतेकींना आवडतो आणि उत्तर ऐकताना चित्र आपोआप तयार होते. अर्थ सापडलाच नाही तर त्याच नावाची आपल्या ओळखीतली बाई आठवावी आणि दोघी एकमेकींशेजारी उभ्या आहेत अशी कल्पना करावी. चित्र जितके हास्यास्पद तितके बरे. ते कोणाला सांगायचे नाही.

पण खूण हे काम अर्धेच आहे. खरी चूक पुढे होते: नाव मनात घोकले जाते. सरिता, सरिता, सरिता असे घोकून नाव घोकण्यापुरतेच राहते, कारण ते तोंडातच असते आणि शोधावे लागत नाही. त्याला थोडा वेळ सोडून देऊन मग आठवण्याचा प्रयत्न केला तर ते पक्के होते. लँडॉअर आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नावांवरच केलेल्या प्रयोगात, आठवण्यातली अंतरे क्रमाने वाढवत नेल्याने नावे अधिक टिकली. मेळाव्यात हे असे करता येते: नाव ऐकल्यानंतर अर्ध्या मिनिटाने एकदा, संभाषणाच्या मध्यावर एकदा, निरोप घेताना एकदा, मग पंधरा मिनिटांनी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तिच्याकडे पाहून एकदा, आणि रात्री घरी एकदा.

सावधान: आठवणे मनात करायचे आहे. प्रत्येक वाक्यात ‘हो ना सरिताताई’, ‘बघा सरिताताई’ असे जोडत राहिले की समोरच्या बाईला काहीतरी विकले जात असल्याची शंका येते. संपूर्ण संभाषणात नाव दोनदा, फार तर तीनदा तोंडी यावे.

टप्पा ६: संभाषण, आणि दुसऱ्या दोघींची गाठ घालून देणे

दोघी एकमेकींकडे पूर्ण वळून बोलत असतील तर मध्ये जाऊ नये. त्यांचे खांदे किंचित बाहेरच्या बाजूला उघडे असतील, किंवा तिघी-चौघी अर्धवर्तुळात उभ्या असतील, तर शेजारी उभे राहावे, चालू विषय ऐकावा आणि थांबा मिळाला की नाव सांगावे.

‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न टाळता येणार नाही, पण तिथेच थांबू नये. ‘सध्या कोणत्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो?’, ‘कशा प्रकारचं गिऱ्हाईक तुम्हाला हवंय?’, ‘कोणाशी ओळख झाली तर तुमचं काम सोपं होईल?’ यांतला एक प्रश्न विचारला तरी उत्तरात असे काही येते की ते नावाला चिकटून राहते आणि पुढच्या निरोपाला कारणही मिळते. तिने वापरलेला एखादा शब्द जसाच्या तसा लक्षात ठेवावा. ‘उधारी वसूल करणं हाच माझा दुसरा धंदा झालाय’ असे कोणी म्हणाले, तर तेच वाक्य तिच्या नावासमोर लिहायचे असते. नवरा काय करतो आणि मुले किती, हे प्रश्न तिने स्वतःहून विषय काढल्याशिवाय विचारू नयेत. आपण कामाविषयी बोलायला आलो आहोत, आणि हेच प्रश्न तिला इतरत्र भरपूर विचारले जातात.

मेळाव्यातले सर्वांत उपयुक्त काम मात्र स्वतःच्या ओळखीचे नसते, दुसऱ्या दोघींची ओळख करून देण्याचे असते. त्यासाठी दोन्ही नावे उच्चारावी लागतात, त्यामुळे तुमची उजळणी होते. दोघींनाही फायदा होतो, त्यामुळे दोघींना तुम्ही आठवता. ओळख करून देताना नाव, काम आणि कारण या तिन्ही गोष्टी हव्यात: ‘माधवीताई, या रेश्माताई, लहान व्यवसायांचे हिशेब बघतात. रेश्माताई, माधवीताई अनुवादाचं काम करतात आणि परदेशी गिऱ्हाइकांची बिलं कशी करायची, हे आत्ताच विचारत होत्या.’ नुसते ‘ही माझी मैत्रीण’ म्हणून सोडून दिले तर दोघी हसून गप्प उभ्या राहतात.

एका जणीशी दहा-बारा मिनिटे पुरेत. सगळा वेळ ओळखीच्याच मैत्रिणीच्या शेजारी उभे राहण्याची सवय सर्वांनाच असते. तिच्याशी दर अर्ध्या तासाने भेटण्याचे ठरवून घ्यावे आणि मधल्या वेळात वेगवेगळे फिरावे.

टप्पा ७: नाव आठवत नसेल तर

सरळ विचारावे. ‘आपण गेल्या वेळी जाहिरातीच्या खर्चावर बोललो होतो ते आठवतंय, पण तुमचं नाव या क्षणी जिभेवर येत नाहीये.’ या वाक्यात बाई लक्षात आहे हे आधी कळते आणि नाव निसटल्याची कबुली नंतर येते. माफी एकदाच मागावी. ‘माझं डोकं म्हणजे ना...’ असे लांबवत गेले की तिलाच आपली समजूत काढत बसावी लागते.

‘स्पेलिंग कसं करता?’ असे विचारून नाव काढून घेण्याची युक्ती करू नये. ‘नेहमीसारखंच, ज्योतीचं करतात तसं’ असे उत्तर आले की पंचाईत होते.

नाव चुकले आणि तिने दुरुस्त केले, तर योग्य नाव एकदा उच्चारून पुढे बोलावे. दुसऱ्या कोणी तिचे नाव चुकवले तर स्वतःच्या वाक्यात योग्य नाव सहज वापरावे; चारचौघांत दुरुस्ती करण्याची गरज बहुधा पडत नाही.

काही व्यक्तींना चेहरे ओळखण्यातच मुळात अडचण असते. ओळखीची व्यक्तीही वेगळ्या ठिकाणी दिसली की ओळखू येत नाही. तसे असेल तर ‘चेहरे ओळखताना माझी गफलत होते, मला पुन्हा नाव सांगत चला’ असे पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. उलट बाजूने, जुन्या ओळखीच्या बाईला भेटताना स्वतःचे नाव आणि भेटीचा संदर्भ आपणच आधी द्यावा. ‘ओळखलंत का मला?’ ही परीक्षा कोणाचीही घेऊ नये.

टप्पा ८: निरोप आणि लगेचची नोंद

निरोप घेताना नाव घ्यावे, कार्ड मागावे, आणि पुढचे पाऊल एका वाक्यात ठरवावे: ‘रेश्माताई, त्या नमुन्याची फाइल मी परवापर्यंत पाठवते.’ जमणार नसेल ते कबूल करू नये. ‘नक्की भेटू एकदा’ हे वाक्य दोघींनाही पोकळ आहे हे माहीत असते.

कार्ड मिळाले की ते वाचावे आणि मग ठेवावे. तिच्यासमोर कार्डावर लिहिणे काहींना आवडत नाही, म्हणून बाजूला जाऊन वहीत लिहावे. दर दोन संभाषणांनंतर तीन मिनिटे बाहेर पडावे. मेळावा संपल्यावर एकदम लिहू म्हटले की पहिल्या तिघींची माहिती एकमेकींत मिसळते. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असते:

‘रेश्मा (रे लांब). हिशेब आणि करविवरण. “मार्चमध्ये मला फोन करू नका” म्हणाली. उंच खिडकीजवळ बोललो. तिला हवे: लहान उत्पादक. मी देणार: नमुन्याची फाइल, बुधवारपर्यंत.’

तपासून पाहा: शेवटची ओळ आहे का? ‘मी देणार’ किंवा ‘मी विचारणार’ असे काहीच लिहिता येत नसेल, तर ती भेट अजून ओळख झालेली नाही. जमल्यास निघण्यापूर्वी तिच्याकडे परत जावे.

टप्पा ९: पहिले दोन दिवस

त्याच रात्री वही न उघडता त्या दिवशीच्या नावांची यादी कोऱ्या कागदावर लिहावी. पाचांपैकी तीन आठवली तरी चालेल. उरलेली दोन वहीतून पाहावीत, आणि सकाळी पुन्हा हाच खेळ करावा. फक्त वही वाचून काढणे सोपे वाटते, पण त्यातून आठवण्याचा सराव होत नाही.

मग फोनमध्ये क्रमांक साठवावेत. ‘पॅकिंग ताई’, ‘मेळावा नवीन’ अशी नावे देण्याची सवय मोडावी. आधी तिचे नाव, मग आडनाव, मग काम आणि भेटीचा महिना असा क्रम ठेवावा. सहा महिन्यांनी फोन वाजेल तेव्हा पडद्यावर नावच दिसले पाहिजे.

पहिला संदेश चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जावा. त्यात तुमचे नाव, भेटीचा संदर्भ, तिने सांगितलेली एक गोष्ट आणि कबूल केलेले काम एवढेच असावे: ‘नमस्कार रेश्माताई, मी खोकी बनवणारी ज्योती. काल खिडकीजवळ बोललो होतो. कबूल केल्याप्रमाणे नमुन्याची फाइल सोबत जोडली आहे. मार्चमध्ये फोन करणार नाही, हे लक्षात आहे!’ असा संदेश लिहायला दोन मिनिटे लागतात आणि तो दुसऱ्या कोणालाही पाठवता येत नाही. यातच त्याचे वजन आहे.

या टप्प्यातल्या चुका मात्र संबंध सुरू होण्याआधीच संपवतात, म्हणून त्या स्पष्ट सांगते; यांतल्या दोन मी स्वतः केलेल्या आहेत. सर्व नव्या क्रमांकांना एकच संदेश एकदम पाठवणे ही पहिली. माझ्या अशा संदेशाला सोळांपैकी एकीचे उत्तर आले होते, तेही ‘आपण कोण?’ असे. पहिल्याच संदेशाला माहितीपत्रक आणि दरपत्रक जोडणे ही दुसरी. तिसरी सर्वांत त्रासदायक: न विचारता व्हॉट्सॲप गटात टाकणे. त्याने तिचा क्रमांक शेकडो अनोळखी लोकांना दिसू लागतो, आणि अनेक स्त्रियांसाठी हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसतो.

सावधान: एकीचा क्रमांक दुसरीला किंवा अन्य कोणालाही देण्याआधी तिची परवानगी घ्यावी. दोघींची गाठ घालून द्यायची असेल तर दोघींना स्वतंत्रपणे विचारावे, दोन होकार आल्यावरच एकत्र संदेश लिहावा आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे. कोणाची शिफारस करताना तिचे काम स्वतः पाहिलेले नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘माझी ओळख मेळाव्यातली आहे, काम पाहिलेलं नाही’ या वाक्याने कोणाचाही अपमान होत नाही.

उत्तर आले नाही तर आठवडाभराने एकदाच आठवण करावी. त्यानंतर थांबावे.

टप्पा १०: पुढचे महिने आणि पुन्हा भेट

साधारण तीन आठवड्यांनी वही उघडून प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न विचारावा: हिला उपयोगी पडेल असे माझ्याकडे आत्ता काही आहे का? एखाद्या प्रदर्शनाची तारीख, एखादा पुरवठादार, तिच्या क्षेत्रातली निविदा. असेल तर पाठवावे, नसेल तर काहीही पाठवू नये. रोजच्या सुप्रभात संदेशांनी ओळख जिवंत राहत नाही. ती आवाज बंद केलेल्या गप्पांच्या ढिगात जाते.

आपल्या नेहमीच्या मैत्रिणींखेरीजच्या, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या या ओळखी कमी महत्त्वाच्या समजू नयेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची ती माहिती देणाऱ्या व्यक्तीशी वारंवार भेट होत होती, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचितच भेटत होते. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, कामे मिळण्याचा नव्हे, पण कारण दोन्हीकडे लागू पडते. आपल्या जवळच्या वर्तुळाला जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते.

पुढच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी जुनी वही काढावी. मागच्या वेळचा बसण्याचा नकाशा समोर ठेवून नावे झाकावीत आणि एकेका खुर्चीवर कोण होते ते आठवून पाहावे. जिचे नाव आले नाही तिची नोंद वाचावी, कबूल केलेले काम झाले का ते तपासावे, आणि राहिले असेल तर मेळाव्याला निघण्याआधी ते उरकून टाकावे.